जोडी क्रमांक एकशे बारा

केडगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कास, हौशीरामाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. संक्रांतीला कवठ्याला ये म्हणतेस, पण यंदा जमणार नाही. कारण वाचून हसशील, तरी लिहितो. माझ्या टीमचे सामने लागोपाठ आलेत. अमेरिकेत लोक संध्याकाळी बास्केटबॉल खेळायला उतरतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्याआधी मी अंघोळ उरकतो, साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवतो आणि समोर मांडी घालून बसतो. धुरपदा म्हणते, देवापुढं कधी एवढ्या वेळेवर बसला नाहीत.

टीमचं नाव लिहीत नाही. तुला ते म्हणता यायचं नाही आणि मला नीट लिहिता येत नाही. जांभळ्या बंड्या घालतात एवढं धर. सध्या सलग नऊ सामने हरलेत. त्या स्पर्धेत तीस टीम आहेत, त्यातल्या एकोणतीस सोडून मी नेमकी हीच निवडली. रिटायर झालो त्या वर्षी हा खेळ पहिल्यांदा बघितला, तेव्हा यांचा एक सात फुटी गडी टोपलीखाली हात वर करून एकटाच उभा होता. त्याच्याकडे कुणी चेंडूच टाकेना. मला त्याची दया आली. तो गडी पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीममध्ये गेला आणि तिथं जिंकायला लागला. मी मात्र इथंच राहिलो.

उन्हाळ्यात बेसबॉल सुरू होतो. त्यात मी कुठली टीम धरली असेल ते तूच ओळख.

पण या खेळांचं एक सुख आहे. केडगावात त्यांच्याबद्दल बोलायला माझ्याकडे कुणी येत नाही. क्रिकेटचं म्हणशील तर सलूनमध्ये, डेअरीवर, जिथं जावं तिथं चारजण अडवून विचारतात. इथं मी, मोबाइल आणि आकडे. आकडा वाचायला कान लागत नाहीत.

तू फोन कर म्हणतेस, तर फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा पत्रच बरं.

तुझा,
हौशीराम


कवठे येमाई,
२० जानेवारी २०२५

चि. हौशीराम यास आक्काचा आशीर्वाद.

नऊ येळा हरणाऱ्यांपायी सख्ख्या बहिणीचा तिळगूळ चुकवलास. मी अनिताला तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आत्या, तुम्ही तरी काय येगळं करता. सून असून तोंडावर बोलली, आन् खरं बोलली.

मागल्या महिन्यात गाण्याच्या स्पर्धेतनं एक पोरगी बाहेर पडली. सोलापूरकडची, बारीक आवाजाची. मी इतकी रडले की दूध उतू जाऊन गॅस इझला तरी कळलं न्हाई. शेजारच्या बानूबाईला वाटलं आमच्यात कोण गेलं. ती लुगडं सावरत पळत आली, आन् कोण गेलं ते कळल्यावर तीबी बसून रडली. नाचाच्या स्पर्धेचे गुण मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठिवते. परीक्षकानं एखाद्याला आठ दिलं आन् माझ्या हिशेबानं नऊ असलं, तर मी भाजी निवडताना त्या परीक्षकासंगं भांडते. म्हंजी तुझ्या घरात एक येडा हाय, माझ्या घरात एक येडी हाय.

आता कामाचं. तुला न इचारता मी एक काम केलंय. टीव्हीवर नवी स्पर्धा येणार हाय, ‘एका ताटातले’ नावाची. त्यात फक्त भाऊबहीण. जोडीनं खेळ खेळायचं, जिंकत जाईल त्यो म्होरं. निवड शिरूरला हाय, मंगल कार्यालयात, ९ मार्चला, रविवारी. अनिताकडनं मोबाइलवर फॉर्म भरून घेतला. आपला नंबर एकशे बारा. वय इचारलं तवा माझं साठ लिहिलंय, तू मधी बोलू नको.

इतकी वर्सं दुसऱ्याचं खेळ बघितलं. एकदा आपण खेळू.

तुझी,
आक्का


केडगाव,
२७ जानेवारी २०२५

ती. आक्कास नमस्कार.

फॉर्म वाचून घाम फुटला. मी खेळ बघणारा माणूस आहे, खेळणारा नाही. गुडघे ऐकत नाहीत. दात दोन कमी आहेत, टीव्हीवर ते चार दिसतील. शिवाय ९ मार्चला टीमचा महत्त्वाचा सामना असण्याची शक्यता आहे.

मी हात लावतो ती टीम हरते हे तुला आकड्यांनिशी सांगितलंच आहे. तू बानूबाईला ने. बहीण म्हणून खपेल.

राग मानू नको.

हौशीराम


कवठे येमाई,
४ फेब्रुवारी २०२५

हौशीराम यास,

राग मानू नको म्हणून लिहिलंस, तर मी मानलेला हाय.

टीमचा सामना असण्याची शक्यता, म्हणं. मी येडी असले तरी इतकी न्हाई. खरं कारण मला कळतंय. तू आयटीआय झालास, सणसवाडीला कंपनीत एकतीस वर्सं काढलीस, सायबांच्यात वावरलास. मी सातवी. बोलाया लागले की गावाकडची बाई म्हणून कळतं. माझ्यासंगं टीव्हीवर दिसायची तुला लाज वाटतीया. दिवाळीच्या भाऊबीजेपासनं तू इकडं फिरकला न्हाईस, तवाच मला समजायला पायजे हुतं.

लहानपणी तुला कडेवर घेऊन मी शाळेत बसायची. मास्तर म्हणायचं, एकीच्या फीमधी दोघं शिकत्यात. तवा तुला लाज वाटत न्हवती.

फॉर्म अजून काढून घेतलेला न्हाई. पर मी एकटी गेले तर ते घेणार न्हाईत, एवढं ध्यानात ठेव.

आक्का


केडगाव,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना धुरपदाचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते. चुका पोटात घाला.

तुमचं पत्र आल्यापासून हे जेवायला बसतात आणि अर्ध्यावर उठतात. तुमची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंत, ते त्यांना लागलं. पण खोडून काढायचं तर खरं सांगावं लागेल, आणि ते त्यांच्याच्यानं होत नाही. म्हणून मी सांगते.

ह्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कमी येतं असं आपण सगळे म्हणतो, पण तसं नाही. कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपच्या धाडधाडीनं कान गेले. समोरच्याचे ओठ बघून हे उत्तर देतात, आणि ते इतकं बेमालूम की मलासुद्धा पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. कानाचं मशीन आणलंय. ते घातलं की डोक्यात भांडी आदळतात म्हणून डबीत ठेवलंय.

भाऊबीजेला तुम्ही विचारलंत, पाट कुठं मांडू? ओठांवर पाट आणि भात सारखंच दिसतं हो वन्सं. हे म्हणाले, भात नको, पोळीच वाढ. सगळं घर हसलं. नंतर दोन दिवस पोरं मागं लागली, मामा भात नको का, मामा भात नको का. तुम्हीसुद्धा डोळ्यांना पदर लावून हसत होता. येताना एसटीत न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत हे खिडकीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून सलून बंद, डेअरी बंद. दूध मीच आणते. तो सकाळचा खेळ तेवढा राहिलाय. त्यात कुणी त्यांना काही विचारत नाही.

मी लिहिलं हे कळू देऊ नका.

तुमची,
धुरपदा


कवठे येमाई,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. हौशीराम यास आशीर्वाद.

मागलं पत्र फाडून टाक. मी रागात काहीबी लिहिते, तुला ठाव हाय.

एक नवी बातमी हाय म्हणून लिहिते. अनितानं त्या स्पर्धेची सगळी माहिती काढली. पयली फेरी काय हाय ऐक. एकाच्या कानावर मोठालं हेडफोन घालत्यात. त्यात बँड वाजत असतो, बाहेरचं काय म्हंजी काय ऐकू येत न्हाई. दुसऱ्यानं समोर हुभं ऱ्हाऊन धा शब्द बोलायचं. हात मागं बांधलेलं. नुसतं ओठ बघून शब्द वळखायचा.

आता तू मला सांग, प्रेसवर मशीन चालू असताना तुम्ही एकमेकांशी कसं बोलत हुता? तूच सांगायचास की पलीकडच्या लाइनीतला गडी सुपरवायझरला काय शिव्या देतोय ते तुला हिकडनं कळायचं.

तिथं शंभरावर जोड्या येणार. तरणी पोरंपोरी. त्यातल्या एकालाबी हे येत नसणार.

ये बाबा. मी वाट बघते.

आक्का


केडगाव,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास नमस्कार.

तुला हे कुणी सुचवलं ते विचारत नाही. धुरपदा दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाही, त्यावरून अंदाज आहे.

येतो. एक अट. गाणं ओळखायची फेरी असली तर मी उठून बाहेर जाईन, आणि तू मला थांबवायचं नाही. दुसरी अट, वय साठ लिहिलंयस तर निदान केसांना कलप लाव. मी तुझ्याहून तीन वर्षांनी धाकटा आणि माझ्या आधार कार्डावर एकसष्ट आहे.

प्रॅक्टिस सुरू केली आहे. धुरपदा भाजी चिरताना नुसते ओठ हलवते आणि मी ओळखतो. काल दहापैकी दहा आले. त्यातले सात शब्द माझ्याबद्दल होते, ते लिहीत नाही.

हौशीराम


केडगाव,
११ मार्च २०२५

ती. आक्कास नमस्कार.

परवा शिरूरच्या स्टँडवर तू नीट बोलली नाहीस. आमची एसटी निघाली तरी तू दुसरीकडेच बघत होतीस. धुरपदा म्हणाली, वन्सं हरल्या म्हणून नाराज आहेत. म्हणून हे पत्र. हरण्याच्या बाबतीत तुला माझ्याइतका अनुभवी सल्लागार पुणे जिल्ह्यात मिळणार नाही.

आधी आपला स्कोअर सांगतो. मी दहापैकी नऊ. चकाकणाऱ्या कोटातली ती निवेदिका म्हणाली, आतापर्यंतच्या एकशे बारा जोड्यांत एवढे कुणाचेच नाहीत. म्हणजे तिनं म्हटलं असावं. ओठ तिचे फार भराभर हलतात. माझ्या कानावर हेडफोन घातला तेव्हा तिनं आधी विचारलं, “काका, आवाज जास्त होतोय का?” मी म्हणालो, “अजून वाढवा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं काका जिगरबाज आहेत. आक्का, मला त्यातला बँड ऐकूच येत नव्हता. हेडफोन घालून मी पहिल्यांदाच बाकीच्यांच्या बरोबरीला आलो. म्हणजे बाकीचे माझ्या बरोबरीला आले.

दळण, परात, मोटरसायकल, तू म्हणत गेलीस आणि मी सांगत गेलो. चुकला तो एकच. तू ‘मामा’ म्हणालीस, मी ‘बाबा’ सांगितलं. तो प्रेस शॉपमध्येसुद्धा चुकायचा.

मग अदलाबदल झाली आणि तुला एक आला. ठीक आहे. बेसबॉलचं एक सांगतो. तिथला चांगल्यातला चांगला फलंदाजसुद्धा दहा वेळा उभा राहिला की सहा-सात वेळा हात हलवत परत येतो. त्याला लोक डोक्यावर घेतात. तू पहिल्यांदाच उभी राहिलीस.

आणि आपण बाहेर पडलो ते बरंच झालं. दुसरी फेरी गाण्याचीच होती, भिंतीवर कागद लावलेला मी वाचला होता.

नाराज राहू नको.

हौशीराम


कवठे येमाई,
१९ मार्च २०२५

चि. हौशीराम यास,

हरले म्हणून मी गप न्हवते.

तू सांगितलंस ते तुझ्या बाजूचं. आता माझ्या बाजूचं ऐक.

हेडफोन घातला आन् बँड सुरू झाला. डोकं फुटतंय का काय असं झालं. तू समोर हुभा. तुझं तोंड हलतंय, पर मला काय कळंना. मी मनात म्हणलं, रोज टीव्हीवर बघते, सोपं असतंय. तू कायतरी बोललास, मी म्हणलं “पत्नी.” त्ये मटकी हुतं म्हणं. दुसरं काय बोललास देव जाणे, मी ठोकून दिलं “बांगडा.” तुझा चेहरा बघून कळलं की चुकलंय. मग तू एकच शब्द तीनतीनदा बोलाया लागलास. मला वाटलं तू म्हणतोस बोबडी, बोबडी. मला राग आला. मी वरडून म्हणलं, “बोबडी कोण? मी?” त्ये पोपट हुतं.

तवा मी समोर बघितलं. सगळं हॉल हसत हुतं. तोंडं उघडी, दात दिसत्यात, माना हलत्यात, पर आवाज न्हाई. ती चकाकणारी पोरगी पोट धरून वाकलीया. आमची अनिता हसतीया. मला बाकी काय कळत न्हवतं, पर कुणाला हसत्यात एवढं बरोबर कळलं. माझं पाय थरथराया लागलं. वाटलं हेडफोन फेकून घरी जावं.

ती दोन मिनिटं हुती. मी घड्याळ बघितलं. नंतर हेडफोन काढला की माझं संपलं. तुझं काढायचं काय?

मला धुरपदानं पत्र लिहिलं हुतं. तिला बोलू नको. भाऊबीजेला मी हसले हे मला तिनं लिहीपर्यंत आठवतबी न्हवतं. आठवत न्हवतं हे जास्त वाईट हाय. टीव्हीवरल्या पोरीचा सूर कुठं हलला त्ये मला कळतं, आन् माझ्या पाटावर बसलेला भाऊ मान खाली घालून जेवला त्ये दिसलं न्हाई. लाज तुला माझी वाटत न्हवती. मलाच वाटाया पायजे हुती.

मी चुकले. तू धाकटा हाईस तरी लिहिते, मी चुकले.

उत्तर पाठव. न्हाई पाठवलंस तरी मी रागावणार न्हाई.

आक्का


केडगाव,
५ मे २०२५

ती. आक्कास नमस्कार.

दीड महिना उत्तर लिहिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो. एकदा धुरपदावर रागावलो, एकदा तुझ्यावर. मग कुणावर रागवायचं ते आठवेना. तू चूक कबूल केलीस म्हटल्यावर माझा मोठेपणा फार वाढला. मी बाजेवर पडून तुला माफ करावं का याचा विचार करत होतो. रोज थोडं थोडं करायचो. जांभळ्यांचा हंगामही तोवर संपला. शेवटून दुसरे आले. शेवटचा नंबरसुद्धा त्यांना धड घेता आला नाही.

परवा शनिवारी तो कार्यक्रम दाखवला. तू बघितलासच असणार. माझे नऊ शब्द त्यांनी कापून टाकले. माझा सगळा पराक्रम गेला, राहिला तो तुझा पोपट. जेमतेम अकरा सेकंद.

त्या अकरा सेकंदांत तू ओरडतेस, मग लोक दिसतात, मग कॅमेरा माझ्याकडे वळतो. धुरपदानं तो तुकडा मोबाइलवर उतरवून घेतला होता. अमेरिकेतले पंच अवघड निर्णयाला जसं मागं जाऊन पुन्हा बघतात, तसा मी तो तेरा वेळा बघितला. निर्णय बदलावा असं काही सापडलं नाही.

मी हसत होतो, आक्का. हात मागं बांधलेले, मान मागं टाकलेली, पडलेले दोन दात सगळ्या महाराष्ट्राला दाखवत. हॉलमध्ये एवढ्या जोरात दुसरं कुणीच हसत नव्हतं. तुझे पाय थरथरत होते ते त्या चित्रात स्पष्ट दिसतं. मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो, तुझ्या ओठांकडे बघत. आणि मला ते दिसलं नाही, नंतर आठवलंही नाही. तुला बेसबॉलचे दाखले देत बसलो. मी हसलो असं कुणी मला तोंडानं सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

म्हणजे दीड महिना मी तुला माफ करतोय आणि गुन्हा दोघांचा एकच.

धुरपदाला मी काही बोललो नाही. उलट तिच्याबरोबर काल डेअरीवर गेलो. तिथं एकजण म्हणाला, “हौशीराम, टीव्हीवर बहिणीला लई हसलास.” मी ओठांवरून बरोबर वाचलं. वाचायला नको होतं.

मशीन डबीतून काढलंय. घालतो असं म्हणत नाही, काढलंय एवढंच. दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज कमीजास्त करता येतो, तुम्ही तो कधी केलाच नाहीत. एकतीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला हे सांगायची वेळ आली. काल घालून बेसबॉल लावला. सामना चालू असताना ती माणसं इतकी बडबड करतात हे मला माहीतच नव्हतं. काढून ठेवलं.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं कवठ्याला येतो. चार दिवस राहू. रविवारी सकाळी साडेसातला माझ्या बेसबॉलच्या टीमचा सामना आहे, तुझा टीव्ही लागेल. हरतील. तू रडू नको.

पोरांना सांगून ठेव, मामाला पाट की भात ते अजूनही कळत नाही. चुकलो तर हसा. हसायला माझी ना नाही, मी स्वतः कसा हसतो ते बघितलंय. फक्त हसून झालं की माझ्याकडे तोंड करून, काय म्हणाला होतात ते एकदा परत सांगा.

तुझा,
हौशीराम